‘पूर्ण सहमत’ आणि दहा गोळ्यांची पट्टी

रात्रीचे साडेआठ वाजले होते. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडजवळच्या औषधांच्या दुकानात मी काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसले होते. दुकानाचे मालक आमच्याच कॉलेजातून डिप्लोमा करून गेलेले, नोंदणीकृत फार्मासिस्ट, अठरा वर्षं याच जागेवर. त्यांच्यापुढे मी दोन पानांची प्रश्नावली ठेवली होती. वीस विधानं आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत. पेशंट औषध घेऊन घरी गेल्यावर त्या औषधाचं पुढे काय होतं यावर लक्ष ठेवण्याबद्दल फार्मासिस्टला काय वाटतं, हे मला मोजायचं होतं.

गर्दीची वेळ होती. एक हात कपाटाकडे आणि एक पेनाकडे, असं त्यांचं चाललं होतं. बाराव्या-तेराव्या विधानावर असताना एक मावशी आल्या. साठीच्या आसपासच्या, हाताची बोटं सांध्यांत सुजलेली. “तोंड आलंय बाबा, घास गिळवत नाही,” म्हणाल्या. मालकांनी बी कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल आणि तोंडात लावायचं जेल दिलं. “तिखट खाऊ नका चार दिवस, उतरेल,” असं आपुलकीनं सांगितलं आणि पुन्हा कागदाकडे वळले. पुढचं विधान होतं: ‘रुग्णाच्या औषधोपचारावर देखरेख ठेवणे ही फार्मासिस्टची व्यावसायिक जबाबदारी आहे.’ त्यांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली.

मी तिथेच होते. फार्मसी प्रॅक्टिस हा विषय मी वर्षानुवर्षं शिकवते. सुजलेली बोटं आणि आलेलं तोंड यांची सांगड माझ्याही डोक्यात बसली नाही.

त्या एका दुकानाची, त्या एका कागदाची आणि त्या मावशींच्या गोळ्यांच्या पट्टीची ही हकिगत आहे. मावशींच्या घरच्यांची आणि दुकानदारांची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अकराव्या दिवशी

दोन दिवसांनी मावशींचा मुलगा दुकानात आला. हातात रिकामी पट्टी. “हीच द्या अजून एक.” मालकांनी मोबाइल नंबर टाकला तशी संगणकावर मागच्या बिलाची तारीख दिसली. दहा गोळ्यांची पट्टी अकरा दिवसांपूर्वी गेली होती. औषध होतं मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम.

“ही पट्टी कुठे गेली?”

“संपली की. रोज सकाळी एक घेते आई.”

ज्यांना हे औषध माहीत आहे त्यांच्या अंगावर इथे काटा येईल. मेथोट्रेक्सेट मुळात कर्करोगावरचं औषध. संधिवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, ते अगदी कमी मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच देतात. पेशींना वाढायला आणि दुभंगायला फॉलिक आम्लाचं काम सुरळीत चालावं लागतं, आणि हे औषध नेमकं तेच अडवतं. आठवड्यातून एकदा घेतलं तर शरीराला मधल्या दिवसांत सावरायला वेळ मिळतो. रोज घेतलं तर ज्या पेशी सगळ्यात भराभर नव्या होतात त्यांच्यावर आधी घाव बसतो. तोंडाच्या आणि आतड्याच्या आतलं अस्तर सोलवटतं, मग हाडांच्या मगजात रक्तपेशी तयार होणं मंदावतं. आलेलं तोंड ही त्याची पहिली आणि सगळ्यात स्वस्तात कळणारी खूण. पुढे ताप, रक्तस्राव, जंतुसंसर्ग. माणसं दगावलेली आहेत, जगभर दगावलेली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट हीच आहे: आठवड्याची गोळी रोज घेतली गेली. इंग्लंडमध्ये रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००६ साली यासाठी खास इशारा काढला. युरोपच्या औषध नियामक संस्थेला २०१९मध्ये पुन्हा हाच विषय हाती घ्यावा लागला. वेष्टनावर ठळक सूचना, बाटलीऐवजी पट्टीतच गोळ्या, कुणी लिहून द्यावं यावर मर्यादा, अशी पावलं तेव्हा सुचवली गेली.

मालकांनी पट्टी दिली नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला. दोनदा कंपाउंडरने घेतला आणि “नंतर करा” म्हणाला, तिसऱ्यांदा डॉक्टर बोलले. त्याच संध्याकाळी मावशींना रुग्णालयात दाखल केलं. पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरल्या होत्या. या विषबाधेवरचा उतारा म्हणजे फॉलिनिक आम्ल, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मावशी वाचल्या. दोनेक आठवड्यांनी घरी आल्या.

मला मालकांचा फोन आला त्याच रात्री. ते म्हणाले, “मॅडम, परवा तुमच्यासमोर त्या तोंड आलंय म्हणून आल्या होत्या.” मग बराच वेळ दोघंही गप्प होतो.

कागदावरचे गुण

त्यांची प्रश्नावली माझ्या टेबलावर होती. वीसपैकी सतरा विधानांपुढे ‘पूर्ण सहमत’, उरलेल्या तिनांपुढे ‘सहमत’. शंभरापैकी सत्त्याण्णव गुण. आमच्या मापाप्रमाणे हा फार्मासिस्ट पेशंटच्या औषधांवर लक्ष ठेवण्याबाबत अत्यंत अनुकूल वृत्तीचा होता.

पहिला विचार मनात आला तो असा की ते खोटं बोलले. तो मी लगेच बाजूला सारला, कारण तो खरा नव्हता. खोटं बोलणारा माणूस रिकामी पट्टी पाहून तीनदा फोन लावत बसत नाही. त्यांनी प्रत्येक खूण मनापासून केली होती. दोष मापात होता आणि ते माप मी केलेलं होतं. म्हणून तो कागद घेऊन मी पुन्हा दुकानात गेले, दुपारी दोन वाजता, शटर अर्धं खाली असताना. एकेक विधान मोठ्याने वाचायचं आणि ते वाचताना त्यांच्या मनात काय आलं ते सांगायचं, एवढंच करायचं ठरलं. प्रश्नावली तपासायची ही जुनी आणि साधी रीत आहे. वेळ नाही म्हणून मी ती आधी टाळली होती.

पहिला धक्का ‘देखरेख’ या शब्दाने दिला.

“देखरेख म्हणजे आम्ही काय समजलो, फ्रिजचं तापमान, एक्स्पायरी, एच-वनचं रजिस्टर. ते सगळं मी चोख ठेवतो.” आणि खरंच ठेवतात. इन्सुलिनचा फ्रिज दोन ते आठ अंशांत, दाराला तक्ता चिकटवलेला. शेड्यूल एच-वन, म्हणजे ज्यांच्या प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची यादी, २०१४च्या मार्चपासून लागू झालं तेव्हापासूनच्या वह्या माळ्यावर रचून ठेवलेल्या. औषधोपचारावर देखरेख हे शब्द वाचल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे औषधं आली. पेशंट आला नाही. मी इंग्रजी विधान घेऊन त्याला मराठी शब्द चिकटवला होता. या मातीतल्या दुकानात ‘देखरेख’ मालावर असते आणि माणसाची ‘चौकशी’ करतात, हे मला सुचायला हवं होतं. ‘मावशी, गोळ्या कशा घेताय, काही त्रास?’ या वाक्याला आमच्या प्रश्नावलीत शब्दच नव्हता.

दुसरी गोष्ट नकाराची. सगळ्याला डोळे मिटून ‘सहमत’ म्हणणाऱ्यांना पकडायला प्रश्नावलीत मध्येच उलटी विधानं टाकतात. मीही चार टाकली होती. ‘औषध विकल्यानंतर रुग्णाची विचारपूस करणे हे फार्मासिस्टचे काम नाही.’ यावर त्यांची खूण ‘पूर्ण सहमत’. मी विचारलं, म्हणजे विचारपूस तुमचं काम नाही? ते चमकले. “अहो, काम आहे असंच म्हणायचं होतं.” मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. घाईत वाचणारा माणूस ‘फार्मासिस्टचे काम’पर्यंत येतो, अर्थ मनात पक्का करतो आणि खूण करून मोकळा होतो. ‘नाही’ तिथे एकटाच राहतो. शिवाय नकाराच्या वाक्याला ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे नकाराचा नकार, तो सुटीच्या दुपारीही सरळ उलगडत नाही. चारांपैकी तीन उलट्या विधानांवर त्यांना म्हणायचं होतं एक आणि खूण पडली होती दुसरीच. वर माझी बेरीजही चुकली होती. गुण देताना ही चार विधानं उलटी मोजायची असतात, आणि त्या रात्री घाईत मी ती सरळच मोजली होती. नीट मोजलं असतं तर हा अनुकूल वृत्तीचा माणूस जरा डळमळीत दिसला असता, आणि तेही तितकंच चुकीचं ठरलं असतं.

तिसरी गोष्ट त्यांनी मी न विचारताच सांगितली. “तुम्ही मॅडम. तुम्ही पेपर दिला, मी सोडवला.” आमच्या विद्यार्थ्याला आमच्याच हाताने कागद दिला की ती परीक्षा होते, आणि परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिहायचं असतं. त्यात दुसरं भय मिसळलेलं होतं. २०१२च्या सुमारास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे म्हणून कडक तपासण्या सुरू केल्या आणि केमिस्ट संघटनांनी बंद पुकारले, ते दिवस या व्यवसायातल्या सगळ्यांना आठवतात. तेव्हापासून छापील कागद, चौकोन आणि खाली सहीची जागा दिसली की दुकानदार सावध होतो. माझ्या प्रश्नावलीखाली सहीची जागा होती. संशोधनाला संमती म्हणून. ती वेगळ्या कागदावर घ्यावी, इतकं साधं भान मला राहिलं नव्हतं.

बोलणं आणि वागणं

माणूस सांगतो एक आणि करतो दुसरं, हा प्रश्न वृत्ती मोजण्याइतकाच जुना आहे. अमेरिकेत रेन्सिस लायकर्ट यांनी सहमत-असहमतची पाच पायऱ्यांची पद्धत १९३२मध्ये मांडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३४मध्ये, रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाचा एक लेख आला. एका तरुण चिनी जोडप्याबरोबर त्याने अमेरिकाभर मोटारीने प्रवास केला होता. चिनी लोकांबद्दल तेव्हा तिथे उघड द्वेष होता. तरी २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, चिनी पाहुण्यांना घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हटलं. तिथे कागद वाईट होता आणि वागणं बरं होतं. आमच्या दुकानात उलट झालं. पण फट तीच.

ही फट का पडते याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर आइसेक आयझेन आणि मार्टिन फिशबाइन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७मध्ये दिलं. ‘देखरेख चांगली की वाईट’ अशा सर्वसाधारण प्रश्नावरून नेमक्या कृतीचा अंदाज लागत नाही. कोणती कृती, कुणाच्या बाबतीत, कुठे आणि केव्हा, हे चारही प्रश्नात आले पाहिजेत. पुढे आयझेन यांनी त्यात भर घातली. माणसाचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: ती कृती त्याला स्वतःला कशी वाटते, त्याच्या आसपासची महत्त्वाची माणसं तिच्याबद्दल काय म्हणतील, आणि ती आपल्या हातात आहे असं त्याला किती वाटतं.

माझ्या वीस विधानांतली अठरा पहिल्या गोष्टीबद्दल होती. दुसऱ्याबद्दल दोन. तिसऱ्याबद्दल एकही नाही.

आणि त्या अठरा विधानांचा गाभा एकच होता. हेप्लर आणि स्ट्रँड या फार्मसीच्या अभ्यासकांनी १९९०मध्ये मांडलेली कल्पना, की औषध हातात दिलं म्हणजे फार्मासिस्टचं काम संपत नाही, त्या औषधाने पेशंटचं आयुष्य बरं होतं का याचीही जबाबदारी त्याची. ही कल्पना मला मनापासून प्रिय आहे, वर्गात ती शिकवताना माझा आवाज बदलतो. पण तीच गोष्ट अठरा प्रकारे विचारली की अठरा वेळा हो येणार. त्यातून दोन गोष्टी होतात. विधानं आपापसांत किती जुळतात हे दाखवणारा क्रॉनबाकचा अल्फा झकास येतो, कारण एकाच अर्थाची वाक्यं वेगळ्या शब्दांत दिली की तो चढतोच. शोधनिबंधात ‘अल्फा शून्य पूर्णांक सातच्या वर’ असं लिहिता येतं आणि परीक्षक मान डोलावतात. दुसरं म्हणजे सगळ्यांची डोकी छताला टेकतात. चौकशी करणारा फार्मासिस्ट आणि न करणारा फार्मासिस्ट, दोघंही नव्वदीच्या घरात. मग फूटपट्टी असून उपयोग काय, तिने उंच आणि बुटका यांतला फरक तर दाखवला पाहिजे.

हात कशाने अडतो

त्या दुपारी आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली आणि मी वेगळं विचारलं. मावशी तोंड आलं म्हणून आल्या त्या रात्री ‘दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का’ हे विचारायला काय आड आलं?

ते विचार करून बोलले. काउंटरवर सहा-सात माणसं होती. त्यांच्यासमोर बाईमाणसाला आजारपण विचारायचं म्हणजे तिला संकोच. आमच्याकडच्या बहुतेक दुकानांत बाजूला घेऊन बोलायला हातभरही जागा नसते, काउंटर थेट रस्त्यावर उघडतो. दुसरं, तोंड आल्यावर बी कॉम्प्लेक्स द्यायचं हे हात आपोआप करतो, डोकं लागत नाही. तिसरं त्यांनी जरा अडखळत सांगितलं. “विचारलं आणि काही निघालं, तर पुढे काय? डॉक्टरांना फोन करायचा. फोन केला की ऐकायचं, तुम्ही डॉक्टर आहात का?”

असं कधी झालं होतं?

झालं होतं. पाच वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका पेशंटच्या रक्तदाबाच्या गोळीवरून. त्यानंतर तो पेशंट त्या डॉक्टरांच्या दवाखान्याखालच्या दुकानात जाऊ लागला. तालुक्याच्या गावात हे फार मोठं कारण आहे. डॉक्टरांची मर्जी हा इथे निव्वळ मानाचा प्रश्न नाही, गल्ल्याचा आहे. आणि त्या गल्ल्यात चौकशीसाठी वेगळा पैसा कुठेच नाही. नियंत्रित किमतीच्या औषधांवर २०१३च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मिळतात, तेही विकलेल्या गोळीवर. न विकलेल्या गोळीवर, म्हणजे त्या दिवशी मावशींच्या मुलाला त्यांनी जी पट्टी नाकारली तिच्यावर, काहीच नाही. जीव वाचवणारं ते काम हिशेबात कमी झालेली विक्री म्हणून दिसतं.

मी कायदा आठवून दिला. फार्मसी कायदा १९४८चा, त्याचं ४२वं कलम: चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी तर पेशंटला समजावून सांगणं हे त्याचं काम म्हणून लिहूनच ठेवलं. ते म्हणाले, “हो, ते पाठ आहे. तुम्हीच शिकवलंय.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मला ते वाक्य लागलं. विद्यार्थ्याला पाचशे तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्या पाचशे तासांत डॉक्टरांना फोन कसा करायचा, पहिलं वाक्य काय बोलायचं, चिडले तर काय करायचं, हे मी एकालाही करून घेतलेलं नव्हतं.

दुसरा कागद

नवी प्रश्नावली आम्ही दोघांनी मिळून केली. मुद्दाम ‘आम्ही’ म्हणते, कारण तिच्यातली निम्मी वाक्यं त्यांची आहेत.

‘देखरेख’ गेली. ‘सहमत’ही गेला, तो कार्यालयातला शब्द. त्याऐवजी ‘पटतं’ आणि ‘पटत नाही’. मधल्या चौकोनाचे आम्ही दोन केले, ‘ठरवता येत नाही’ आणि ‘माझ्यावर अशी वेळ आलेली नाही’, कारण या दोन गोष्टी एक नव्हेत आणि जुन्या प्रश्नावलीत दोन्ही एकाच ‘तटस्थ’ चौकोनात जाऊन बसायच्या. नकाराची वाक्यं पूर्ण काढली. डोळे मिटून खुणा करणाऱ्यांना पकडायचं असेल तर उलटा अर्थ होकारी वाक्यातच मांडायचा: ‘गोळी विकली की माझं काम संपलं.’ हे घाईतही चुकत नाही.

मोठी दुरुस्ती कृतींची. एका ‘देखरेखी’चे पाच तुकडे केले. पुन्हा औषध न्यायला आलेल्या पेशंटला ‘कसं घेताय’ विचारणं. मागच्या बिलाची तारीख आणि गोळ्यांची संख्या जुळवून पाहणं. दुसरीकडून घेतलेली औषधं विचारणं, त्यात काढे आणि पुड्याही आल्या. रक्ततपासणी झाली का ते विचारणं. आणि काही खटकलं तर डॉक्टरांशी बोलणं. प्रत्येकासाठी वेगळी विधानं: मला हे बरं वाटतं का, डॉक्टर आणि पेशंट काय म्हणतील, आणि संध्याकाळी सात ते नऊच्या गर्दीत मला हे जमेल का. हे तुकडे केले आणि चित्र लगेच उलगडलं. पहिल्या दोन कृतींवर त्यांच्या खुणा वरच्या पायरीवर गेल्या. तपासणीचं विचारण्यावर मधे. डॉक्टरांशी बोलण्यावर ‘बरं वाटतं’पुढे वरची पायरी आणि ‘जमेल’पुढे सगळ्यात खालची. त्या खुणेआधी त्यांनी पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं होतं. पहिल्या रात्री सगळा कागद सात मिनिटांत झाला होता. हा एक चौकोन त्याहून फार कमी वेळात झाला नसावा.

एकूण गुण बरेच उतरले. मला त्यांचा अभिमान वाटला.

शेवटी तीन प्रसंग टाकले. चौकोन नाहीत, मोकळी जागा. पहिला असा: ‘आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. पेशंटने दहा नेल्या. दुसऱ्या आठवड्यात मुलगा परत तीच मागतो. दुकानात सहा माणसं उभी आहेत. तुम्ही पहिलं वाक्य काय बोलाल?’ पहिलं वाक्य विचारायची कल्पना त्यांची. त्यांचं म्हणणं, ‘काय कराल’ विचारलं की माणूस आदर्श उत्तर देतो. पहिलं वाक्य लिहायला बसलं की कळतं, येतंय का नाही.

कागदावरचं उत्तर तरीही कागदावरचंच. म्हणून जोडीला बिलाचा संगणक घ्यायचं ठरवलं. नावं पुसून, निवडक औषधांच्या दोन खरेद्यांमधले दिवस आणि नेलेल्या गोळ्या एवढंच काढायचं. अंतर न जुळलेल्या बिलांपुढे दुकानात काही विचारलं गेलं का, याची एक छोटी वही. बोललेली वृत्ती एका कागदावर आणि दिसलेलं वागणं दुसऱ्यावर, दोन्ही शेजारी ठेवले तरच त्यांतली फट मोजता येते. काही देशांत यासाठी पेशंटचं सोंग घेतलेला माणूस दुकानात पाठवतात. दुकानदाराची आधी संमती घेतली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी कुणी येईल एवढं सांगून ठेवलं तर ती रीतही सरळ आहे. न सांगता पाठवायला मी तयार नाही. ज्या माणसांचा विश्वास आधीच तपासणीच्या भीतीने पोखरलेला आहे, त्यांच्यावर आणखी एक गुप्त तपासणी मी लादणार नाही.

आणखी एक छोटी गोष्ट झाली. मावशींचा प्रसंग आम्ही राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाला कळवला. औषधाने त्रास झाला तर ते कळवायला मराठीत अर्ज आहे, १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे आणि पेशंट स्वतःही कळवू शकतो. दुकानदारांना अर्ज माहीत होता, अठरा वर्षांत भरला हा पहिला.

ज्याला कागद मिळाला नाही

एक प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला. तो सगळ्यात आधी विचारायला हवा होता. पट्टीवर ‘सकाळी १’ ही खूण कुणी केली?

दुकानात एक मुलगा कामाला आहे. एकोणीस वर्षांचा, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला, संध्याकाळी इथे. चिठ्ठी वाचून कपाटातून काढणं, पट्टी कापणं, पेनाने खुणा करणं, पिशवीत भरणं, हे सगळं त्याच्या हाताने होतं. मेथोट्रेक्सेटची पट्टी गेली तेव्हा मालक मागच्या खोलीत जेवत होते. डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या आठ गोळ्या लिहिल्या होत्या, मुलाने पट्टी कापायला नको म्हणून दहाची पूर्ण दिली. औषध नियम सांगतात की चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष नजरेखाली गेलं पाहिजे. ती नजर त्या वीस मिनिटांत तिथे नव्हती. मालकांनी हे स्वतःहून सांगितलं, सबब न देता. आता संधिवाताच्या त्या पट्ट्या वेगळ्या डब्यात असतात, चार-चारच्या कापून, आणि प्रत्येकीवर वार लिहिल्याशिवाय मालकांच्या हातून जात नाहीत.

मी मात्र वर्षभर या विषयावर वाचत होते, विधानं रचत होते, आणि माझ्या सगळ्या प्रश्नावल्यांवर वर लिहिलेलं होतं: ‘नोंदणीकृत फार्मासिस्टसाठी’. औषध पेशंटच्या हातात प्रत्यक्ष ठेवणारा हात माझ्या मापाच्या बाहेर होता. त्याला काय वाटतं, तो कुठे अडतो, कुणाला विचारायला घाबरतो, हे मोजल्याशिवाय मालकाच्या वृत्तीचं मोजमाप त्या मावशींपर्यंत पोचतच नाही.

नव्या प्रश्नावलीला म्हणून तिसरं पान जोडलं, सहा प्रश्नांचं. मुलाला दिलं. त्याने ते उलटंपालटं पाहिलं आणि विचारलं, “लिहू का सांगू?”

“सांग.”

मी पेन घेतलं. त्या दिवशीची चिठ्ठी त्याला लख्ख आठवत होती. मावशी आजारी पडल्यापासून तीच डोळ्यांपुढे येते म्हणाला. अक्षर बरं होतं, औषधाचं नाव त्याने बरोबर वाचलं होतं, ताकद बरोबर काढली होती. पुढे इंग्रजीत दोन शब्द होते, ‘वन्स वीकली’.

“वन्स वाचलं मॅडम,” तो म्हणाला, “वन्स म्हणजे एकदा. म्हणून सकाळी एक केलं. पुढचा शब्द दिसला होता. तो विचारायचा होता, पण मालक जेवत होते आणि मावशींची एस. टी. लागली होती.”